दाढ वाचवायची की काढून इम्प्लांट बसवायचे: निर्णय कोणत्या क्रमाने घ्यावा

दाढ ठणकू लागली की बहुतेक जण दवाखान्यात दोनच प्रश्न घेऊन जातात: रूट कॅनालला किती खर्च येईल आणि इम्प्लांटला किती. डॉक्टर दोन आकडे सांगतात, घरी त्यावर चर्चा होते आणि जो आकडा परवडतो किंवा जो उपचार शेजाऱ्याला लाभला तो ठरतो. या पद्धतीने घेतलेले निर्णय वारंवार चुकतात, कारण या दोन उपचारांची तुलना थेट करता येत नाही. रूट कॅनाल (दाताच्या आतील नस काढून मुळातील नळ्या साफ करून भरणे) हा आजारी दातावरचा उपचार आहे आणि इम्प्लांट (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात लावणे) हा नसलेल्या दातावरचा. त्यामुळे पहिला प्रश्न पैशांचा नसून दात काढावा लागणार आहे की नाही, हा आहे. त्याचे उत्तर मिळेपर्यंत इम्प्लांटचा विषय निघण्याचे कारणच नाही.

पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पूर्ण करावेत. उदाहरणासाठी खालची पहिली दाढ घेतली आहे, कारण सर्वाधिक बिघडणाऱ्या दातांमध्ये तिचा क्रमांक वरचा लागतो. ती वयाच्या साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे नव्याने उगवते. कोणताही दात पडून ती येत नसल्यामुळे अनेक पालक तिला दुधाची समजतात आणि तिची कीड दुर्लक्षित राहते.

टप्पा १: ठणका आधी शमवा, निर्णय नंतर घ्या

रात्रभर दाढ ठणकल्यानंतर माणूस सकाळी दवाखान्यात जाऊन "काढूनच टाका" म्हणतो. हा निर्णय वेदनेने घेतलेला असतो, दाढेच्या अवस्थेने नाही. तीव्र ठणका असलेली दाढ अनेकदा उत्तम वाचते, आणि मुळीच न दुखणारी दाढ आतून उभी चिरलेली असू शकते. वेदनेच्या तीव्रतेवरून दाढेचे भवितव्य ठरत नाही.

भूल देऊन दाढेला छिद्र पाडले आणि आतील सुजलेली नस काढली की ठणका बहुतेक वेळा त्याच दिवशी उतरतो. एवढे तातडीचे काम करून घ्यावे आणि पुढचा निर्णय दोन-चार दिवसांनी शांतपणे घ्यावा.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. ॲस्पिरिनची गोळी हिरडीला लावून ठेवू नये. तिने हिरडी आणि गालाची आतली त्वचा भाजते. तंबाखूची चिमूट किंवा मिश्री दाढेत दाबू नये. गालावर बाहेरून गरम शेक देऊ नये, त्याने सूज वाढू शकते. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणून तीन दिवस घेऊन बंद करणे ही तर घरोघरीची चूक आहे. त्याने सूज तात्पुरती कमी होते, पण कुजलेली नस दाढेतच राहते आणि काही आठवड्यांनी त्रास परत येतो.

सावधान: सूज जिभेखाली किंवा गळ्याकडे उतरत असेल, गिळताना अथवा श्वास घेताना त्रास होत असेल, तोंड उघडेनासे झाले असेल किंवा सुजेबरोबर ताप असेल, तर दाताच्या दवाखान्याची वेळ घेत बसू नये. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे.

टप्पा २: जाण्यापूर्वीची तयारी

एका कागदावर चालू असलेल्या सर्व औषधांची नावे लिहावीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाची औषधे आणि विशेषतः हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी किंवा वर्षातून एकदा घेतलेले इंजेक्शन यांची नोंद अवश्य करावी. हे इंजेक्शन लोक सहज विसरतात, कारण ते रोजचे औषध नसते आणि दातांशी त्याचा संबंध असेल असे वाटत नाही. हृदयाची झडप बदललेली असल्यास तेही लिहावे, कारण अशा रुग्णांना दोन्ही उपचारांपूर्वी अँटिबायोटिकचा डोस द्यावा लागतो. मधुमेह असल्यास गेल्या तीन महिन्यांतील एचबीए१सीचा (रक्तातील साखरेची सरासरी टक्केवारीत सांगणाऱ्या तपासणीचा) अहवाल न्यावा.

त्याच कागदावर दुखण्याचे वर्णनही लिहावे. थंड लागते की गरम, कळ लगेच थांबते की मिनिटभर रेंगाळते, झोपल्यावर वाढते का, आणि चावताना दुखत असल्यास घास दाबताना दुखते की सोडताना. शेवटची बाब क्षुल्लक वाटली तरी महत्त्वाची आहे: घास सोडताना बारीक तिडीक उठत असेल, तर दाढेला तडा असल्याची शंका घेतली जाते.

रक्त पातळ करणारी गोळी "दात काढायचा आहे" म्हणून स्वतःहून बंद करू नये. ती ज्या डॉक्टरांनी दिली त्यांनाच विचारावे.

टप्पा ३: निदान पूर्ण झाले का, ते पाहा

दाढ वाचेल की काढावी लागेल, या प्रश्नाचे उत्तर केवळ आरशाने पाहून आणि एक एक्स-रे काढून मिळत नाही. डॉक्टरांनी दाढेवर थंड लावून नस जिवंत आहे का हे पाहिले पाहिजे, दाढेवर हलके ठोकले पाहिजे, ती हलते का हे तपासले पाहिजे, आणि बारीक खुणा असलेल्या सळईने हिरडी व दाढ यांच्यामधील खोली सर्व बाजूंनी मोजली पाहिजे. ही शेवटची तपासणी सर्वाधिक वेळा राहून जाते.

तिचे महत्त्व समजून घेण्यासारखे आहे. हिरडीच्या आजारात ही खोली सहसा रुंद भागात वाढलेली असते. परंतु सर्वत्र २-३ मिलिमीटर खोली असताना एकाच जागी सळई एकदम ८-१० मिलिमीटर आत गेली, तर मूळ उभे चिरलेले असण्याची दाट शक्यता असते. उभ्या चिरलेल्या मुळावर रूट कॅनालचा उपयोग होत नाही. हे आधी न कळल्यास रूट कॅनाल होते, कॅप (दातावरचे टोपण) बसते आणि तरीही हिरडीवर पुवाची पुळी येत राहते.

साध्या एक्स-रेमध्ये मुळाचे टोक आणि त्याभोवतीचे हाड पूर्ण दिसले पाहिजे. मुळे एकमेकांवर आलेली असतील, पूर्वी झालेले रूट कॅनाल बिघडले असेल किंवा तड्याची शंका असेल, तरच सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) काढावा. तो प्रत्येकाला लागत नाही.

तपासून पाहा: "माझी नस जिवंत आहे की मेलेली? मुळाला तडा असल्याची शंका आहे का? हिरडीची खोली किती आहे?" या तीन प्रश्नांची स्पष्ट उत्तरे मिळाली नसतील, तर पुढचा टप्पा सुरू करू नये.

टप्पा ४: दाढ पुन्हा उभी राहू शकते का

संपूर्ण निर्णयाचा गाभा हा टप्पा आहे. रूट कॅनाल करता येणे आणि दाढ टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुळातील नळ्या बहुतेक मोडक्या दाढांतही साफ करता येतात. प्रश्न असा की त्यानंतर त्या मुळांवर कॅप धरून ठेवण्याइतका दात उरतो का.

याचे उत्तर कीड पूर्ण काढल्याशिवाय मिळत नाही. एक्स-रेमध्ये कीड सहसा प्रत्यक्षाहून लहान दिसते. म्हणून चांगला डॉक्टर आधी सगळी मऊ, तपकिरी कीड आणि जुने सिमेंट काढतो आणि मग उरलेल्या भिंती मोजतो. मोजण्याची रीत सोपी आहे. हिरडीच्या वर, चारही बाजूंनी, किमान २ मिलिमीटर उंच आणि १ मिलिमीटर जाड अशी निरोगी दाताची भिंत असावी. पिंपाला लोखंडी कडे घट्ट बसते तशी कॅप या भिंतीला कवटाळून बसते, आणि तिच्यामुळेच चावण्याचा जोर मुळांना न चिरता खाली जातो. ही भिंत नसेल तर कॅप नुसत्या सिमेंटवर उभी राहते. ती वर्षा-दोन वर्षांत निघते किंवा मूळच फोडते.

एखाद्या बाजूला भिंत कमी पडत असेल, तर लगेच निराश होऊ नये. हिरडी आणि थोडेसे हाड खाली घेऊन भिंत उघडी करण्याची छोटी शस्त्रक्रिया असते. एका मुळाच्या दातात दात तारेने हळूहळू वर खेचण्याचाही मार्ग असतो. खालच्या दाढेत मात्र कीड दोन मुळे जिथे विभागतात तिथपर्यंत पोहोचली असेल, तर ती दाढ वाचवण्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

येथे एक नेहमीची चूक नोंदवतो. भिंत उरलेली नसतानाही मुळात मोठा स्क्रू किंवा पोस्ट घातली की दाढ मजबूत होते असे रुग्णांना वाटते. पोस्ट दाढेला बळ देत नाही. ती फक्त वर बांधलेले सिमेंट धरून ठेवते. भिंत नसलेल्या मुळात पोस्ट घातल्यास उलट मूळ चिरण्याचा धोका वाढतो.

तपासून पाहा: डॉक्टरांना कीड काढल्यानंतरचा फोटो दाखवण्याची विनंती करावी. हिरडीच्या वर दाताची भिंत कुठे आहे आणि कुठे नाही, हे रुग्णालाही त्यात दिसते.

टप्पा ५: हिरडी आणि हाडाचा आधार

दाढ वरून शाबूत असली तरी तिच्याभोवतीचे हाड झिजले असेल, तर रूट कॅनालने ती स्थिर होत नाही. बाजूला किंचित हलणारी दाढ हिरडीच्या उपचाराने बहुधा सावरते. वर-खाली हलणारी दाढ वाचवण्याचा प्रयत्न सहसा फसतो.

मात्र हिरडीच्या आजाराने दात गेला असेल तर इम्प्लांट हा सुरक्षित पर्याय आहे, असे समजणे घातक आहे. इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरे. पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजते, पू होतो आणि हाड झिजते. ज्याच्या तोंडात हिरडीचा आजार आधीच आहे, त्याला हा धोका अधिक असतो. बाकीच्या हिरड्या निरोगी केल्याशिवाय इम्प्लांट बसवू नये.

टप्पा ६: प्रकृती आणि सवयी

काही रुग्णांमध्ये दात काढणे हाच मोठा धोका असतो, आणि हे आधी माहीत असले पाहिजे. हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा कर्करोग हाडात पसरल्यामुळे झोलेड्रॉनिक ॲसिड, अलेंड्रोनेट किंवा डेनोसुमॅब घेतलेल्यांमध्ये दात काढल्यानंतर जबड्याचे हाड न भरता उघडे पडून मरू शकते. कर्करोगाच्या उपचारात हा धोका जास्त, ठिसूळपणाच्या उपचारात कमी असतो. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगासाठी जबड्यावर रेडिएशन घेतलेल्यांनाही हाच धोका असतो. अशा वेळी वरचा भाग पूर्ण मोडलेला असला तरी रूट कॅनाल करून मूळ जागेवर ठेवणे दात काढण्यापेक्षा पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. येथे टप्पा ४ मधील भिंतीचा नियम बाजूला ठेवावा लागतो.

मधुमेहात रूट कॅनाल करता येते. इम्प्लांटसाठी एचबीए१सी ७ च्या आसपास आणावा. ८ च्या वर असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकललेली बरी. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये इम्प्लांट अपयशी ठरण्याचे प्रमाण जास्त असते. गरोदरपणात आवश्यक रूट कॅनाल करता येते आणि त्यासाठी मधले तीन महिने सोयीचे असतात. इम्प्लांट मात्र प्रसूतीनंतरच. जबड्याची वाढ चालू असलेल्या मुला-मुलींना इम्प्लांट बसवू नये, कारण आजूबाजूचे दात वाढीबरोबर सरकतात आणि इम्प्लांट तिथेच रुतून राहते.

गुटखा, मावा किंवा सुपारी खाणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. स्वतःची तीन बोटे उभी करून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. ती जात नसतील, तिखट खाताना तोंड भाजत असेल आणि गालाच्या आत पांढरट, ताठ पट्टे जाणवत असतील, तर दाढेआधी तोंडाच्या आजाराची तपासणी करून घ्यावी. ही अवस्था कर्करोगाकडे जाऊ शकते. शिवाय तोंड पुरेसे उघडत नसल्यास मागच्या दाढेपर्यंत ना रूट कॅनालची सुई पोहोचते, ना इम्प्लांटचे यंत्र.

टप्पा ७: आता खर्च आणि वेळ

जाहिरातीतील इम्प्लांटचा दर अनेकदा केवळ हाडात बसवायच्या स्क्रूचा असतो. रूट कॅनालचा दरही बहुधा कॅपशिवायचा असतो. म्हणून दोन्ही बाजूंचा संपूर्ण खर्च लेखी मागावा. रूट कॅनालच्या बाजूला एक्स-रे, रूट कॅनाल, लागल्यास पोस्ट, वरची बांधणी आणि कॅप. इम्प्लांटच्या बाजूला दात काढणे, सीबीसीटी, स्क्रू, लागल्यास हाडाची भर, वरचा जोड आणि कॅप. असे मांडले की बहुतेक वेळा दोन रकमांमधील फरक आधी वाटला त्यापेक्षा बराच मोठा निघतो.

वेळेचा हिशेबही लिहावा. रूट कॅनाल एक ते तीन बैठकांत होते आणि कॅप त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत बसते. इम्प्लांटला दात काढण्यापासून कॅप बसेपर्यंत साधारण चार ते नऊ महिने लागतात. परदेशातून सुट्टीवर येऊन उपचार करून घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. तीन आठवड्यांच्या मुक्कामात रूट कॅनाल आणि कॅप पूर्ण होऊ शकते, मागच्या दाढेचे इम्प्लांट सहसा होत नाही.

खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, मुंबईतील नायर दंत महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय येथे चौकशी करावी. तिथे खेपा जास्त पडतात, पण तज्ज्ञ विभाग एकाच छताखाली असतात.

टप्पा ८: निर्णय

टप्पा ४ आणि ५ मध्ये दाढ उत्तीर्ण झाली असेल, तर ती वाचवावी. दाढेत थोडीफार शंका असेल तरीही माझे मत आधी वाचवण्याच्या बाजूचे आहे, कारण रूट कॅनाल फसल्यास दात नंतर काढता येतो. काढलेला दात परत लावता येत नाही. नीट निवडलेल्या दाढा आणि नीट निवडलेले इम्प्लांट दोन्ही दीर्घकाळ सारख्याच प्रमाणात टिकतात, तेव्हा "इम्प्लांट जास्त टिकते" एवढ्याच कारणासाठी वाचू शकणारी दाढ काढू नये.

उलट मूळ उभे चिरलेले असेल, भिंत अजिबात नसेल किंवा कीड मुळांच्या विभाजनात शिरली असेल, तर आणखी पैसा आणि महिने त्या दाढेत घालू नयेत. वरची दाढ काढल्याने नजर कमी होते ही समजूत निराधार आहे. तिच्यापायी लोक वर्षानुवर्षे पू होणाऱ्या दाढा तोंडात ठेवतात.

पूर्वी रूट कॅनाल झालेली दाढ पुन्हा दुखू लागली, तर ती काढण्यापूर्वी एन्डोडॉन्टिस्टचे (रूट कॅनालच्या तज्ज्ञाचे) मत घ्यावे. राहून गेलेली नळी हे त्याचे एक नेहमीचे कारण आहे. वरच्या पहिल्या दाढेत चौथी नळी अनेकदा असते आणि ती सहज निसटते. अशी दाढ पुन्हा उघडून साफ करता येते.

टप्पा ९ क: रूट कॅनाल ठरले असेल तर

काम चालू असताना दाढेवर रबराचा पडदा लावला जातो का, ते विचारावे. त्यामुळे लाळ आत जात नाही आणि नळ्या धुण्याचे जंतुनाशक घशात उतरत नाही.

पहिल्या बैठकीनंतर दुखणे थांबते आणि रुग्ण येणे बंद करतो. सर्वाधिक दाढा याच वळणावर जातात. तात्पुरते सिमेंट काही आठवड्यांपेक्षा जास्त काळ टिकत नाही. ते झिजले की लाळ आणि जंतू साफ केलेल्या नळ्यांत पुन्हा शिरतात. दुसरी चूक कॅप लांबवण्याची. दाढेवर चावण्याचा जोर मोठा असतो आणि आतून पोकळ केलेली दाढ शेंगदाणा, सुपारी किंवा भाकरीतील खड्याने दुभंगू शकते. दाढेला कॅप लागते असे डॉक्टरांनी सांगितले असेल, तर ती महिनाभरात बसवावी आणि तोवर त्या बाजूने चावू नये.

रूट कॅनालनंतर चार-पाच दिवस चावताना हलके दुखणे सामान्य आहे. वाढणारे दुखणे किंवा सूज सामान्य नाही.

तपासून पाहा: सहा महिन्यांनी आणि वर्षाने एक्स-रे काढावा. मुळाच्या टोकाशी असलेला काळा डाग लहान होत गेला पाहिजे. तो भरायला वर्ष किंवा त्याहूनही जास्त काळ लागू शकतो, म्हणून सहाव्या महिन्यात थोडा दिसला तरी घाबरून दाढ काढू नये.

टप्पा ९ ख: दाढ काढायची ठरली असेल तर

"आधी काढू, पुढचे नंतर पाहू" असे करू नये. दाढ काढल्यावर तिथले हाड अरुंद होऊ लागते आणि पहिल्या काही महिन्यांत हा बदल सर्वात वेगाने होतो. वर्षानुवर्षे जागा रिकामी राहिल्यास शेजारची दाढ कलते आणि समोरच्या (वरच्या) जबड्यातील दाढ खाली उतरते. म्हणून त्या जागी काय करायचे, हे दाढ काढण्यापूर्वीच ठरवावे. इम्प्लांट हवे असेल तर दाढ भिंती न फोडता काढण्यास सांगावे आणि खड्ड्यात हाडाची भर घालावी लागेल का, ते विचारावे.

इम्प्लांट हा एकमेव पर्याय नाही. शेजारच्या दोन्ही दातांना आधीच कॅप असतील किंवा लागणार असतील, तर ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात) हा उत्तम उपाय आहे. सर्वात शेवटची दाढ गेली असेल आणि पुढच्या सर्व दाढा शाबूत असतील, तर समोरची दाढ उतरत नाही ना याकडे लक्ष ठेवून जागा रिकामी सोडणेही चालते.

खालच्या जबड्यात इम्प्लांटचे टोक ओठाला संवेदना देणाऱ्या नसेपासून किमान २ मिलिमीटर दूर असावे. वरच्या जबड्यात सायनसच्या (नाकाशेजारील हवेच्या) पोकळीखालील हाडाची उंची मोजावी लागते. दोन्हींसाठी सीबीसीटी काढावा, आणि तो न काढता दाढेचे इम्प्लांट करण्याची घाई कोणी करत असेल तर दुसरे मत घ्यावे.

सावधान: शस्त्रक्रियेनंतर भूल उतरूनही खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर राहिली, तर "होईल हळूहळू" म्हणून थांबू नये. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

इम्प्लांटच्या खोक्यावर कंपनी, मोजमाप आणि लॉट क्रमांक असलेले स्टिकर असते. ते आपल्या फाइलमध्ये चिकटवून घ्यावे. काही वर्षांनी वरचा जोड सैल झाला आणि डॉक्टर बदललेले असले, तर योग्य मापाचा पेचकस कोणता हे त्या स्टिकरवरूनच कळते. नैसर्गिक दाढेला असलेले दाबाचे भान इम्प्लांटला नसते, त्यामुळे झोपेत दात खाण्याची सवय असल्यास रात्री लावायची पट्टी करून घ्यावी. इम्प्लांटच्या बाजूच्या फटीत रोज बारीक ब्रश फिरवावा आणि दर सहा महिन्यांनी तिथल्या हिरडीची खोली मोजून घ्यावी; ब्रश काढताना रक्त दिसले, तर दुखत नसले तरी त्याच आठवड्यात दाखवावे.